कोपऱ्यावरचं अमेरिकन चायनीज आणि घरच्या पार्टीचे ट्रे

ओवा:

आमच्या घरापासून चालत सहा मिनिटांवर एक चायनीज टेकआउट आहे. मध्य न्यू जर्सीतल्या छोट्या प्लाझांमध्ये असतं तसंच. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला पिझ्झा, मधे लाल अक्षरांची पाटी. आत काउंटर, त्यावर दिवे लावलेले पदार्थांचे फोटो, भिंतीला टेकून चार खुर्च्या. अकरा वर्षं त्याच्यासमोरून गाडी नेली, पण या एप्रिलपर्यंत एकदाही आत गेले नव्हते. चायनीज खावंसं वाटलं की आम्ही देशी दुकानांचा ओक ट्री रोड गाठायचो. हाका नूडल्स, मंचुरियन, शेजवान राईस. आमच्या जिभेला चायनीज म्हणजे तेच.

जूनमध्ये लेकीचं हायस्कूल संपतंय. पार्टी घरीच, मागच्या अंगणात, ४५ माणसं. तिने आधीच सांगून टाकलं, "आई, या वेळी पनीर आणि नान नको. मैत्रिणींकडे खाते ते चायनीज हवं." मग ठरवलं की पार्टीचं जेवण सांगण्याआधी तीन-चारदा जाऊन नीट खाऊन बघायचं.

पहिल्यांदा चिकन विथ ब्रोकोली, व्हेजिटेबल लो मेन आणि हॉट अँड सावर सूप आणलं. चिकनचे काप इतके मऊ, की नवऱ्याने दोनदा विचारलं हे केलं कसं. पुढच्या वेळी काउंटरवरच्या बाईंना मी तेच विचारलं. काप आधी कॉर्नस्टार्च, अंड्याचा पांढरा भाग आणि थोडं तेल लावून मुरवतात, मग गरम तेलातून झटकन काढून घेतात आणि शेवटी भाजीबरोबर परततात. चव आलं, लसूण आणि सोयाची, तिखट अजिबात नाही. लो मेनच्या नूडल्स जाड आणि ओलसर असतात, हाकासारख्या सुट्या नाहीत. दोन घास गेले आणि आवडायला लागल्या.

दुसऱ्या वेळी चाऊ मेन मागवलं, तर डब्यात नूडल्सच नव्हत्या. कोबी, सेलरी आणि मोडांची पांढरट रस्साभाजी, आणि वेगळ्या पुडीत तळलेल्या कुरकुरीत पट्ट्या. वाटलं, चुकून दुसऱ्याचं पार्सल आलं. पण इथे पूर्व किनाऱ्यावर जुन्या धाटणीचं चाऊ मेन असंच असतं म्हणे. पट्ट्या वर चुरून खाल्ल्या आणि मिसळीवरच्या शेवेची आठवण झाली. त्याच दिवशी जनरल त्सो चिकन आणि जनरल त्सो टोफू, दोन्ही घेतले. बाहेर कुरकुरीत, वर आंबटगोड चिकट रस, मधेमधे वाळक्या लाल मिरच्या. लेकीला हवं होतं ते हेच.

आता खरा मुद्दा. तिसऱ्यांदा गेले ती दुपारी तीन वाजता. तेव्हा गर्दी नसते. बाईंना सांगितलं की ४५ माणसं आहेत आणि निम्मी शाकाहारी. सासूबाई साताऱ्याहून येणार आहेत, त्या अंडंही खात नाहीत. बाईंनी वही काढली आणि विचारलं, "नुसतं मांस नको, की ऑयस्टर सॉस, चिकनचं पाणी, अंडं, काहीच नको?" तेव्हा मला कळलं की आम्ही पहिल्या दिवशी आणलेल्या व्हेजिटेबल लो मेनमध्ये ऑयस्टर सॉस होता, नूडल्स अंड्याच्या होत्या, आणि सुपात चिकनचा स्टॉक होता. मेनूवर "व्हेजिटेबल" लिहिलं की त्याचा अर्थ भाजी घातलेलं, एवढाच. त्यांनी काही लपवलं नव्हतं, आम्हीच विचारलं नव्हतं. सासूबाई तेव्हा इथे नव्हत्या याचं मला आजही बरं वाटतं.

त्यानंतर आम्ही दोघींनी एकेक पदार्थ घेऊन चर्चा केली. लो मेनच्या जागी मेइ फन, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया. फ्राइड राईस अंड्याशिवाय. ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमचा शाकाहारी सॉस, तो त्यांच्याकडे असतोच. टोफू आणि स्प्रिंग रोल त्या दिवशीच्या ताज्या तेलात, कुठलंही मांस तळायच्या आधी. एग रोल घ्यायचेच नाहीत, त्यात मांसाचा चुरा असतो. एवढं सगळं त्यांनी चिनीत लिहून घेतलं, आत जाऊन नवऱ्याला वाचून दाखवलं, तो वोकपाशी उभा राहून मान डोलावत होता. दोघं फुजियान प्रांतातल्या फूचौकडचे. पंधरा मिनिटं त्यांनी मला दिली, तीही मी अजून एक डॉलरही आगाऊ दिलेला नसताना.

ठरलेली यादी अशी. व्हेज फ्राइड राईस मोठा ट्रे ५५ डॉलर, व्हेज मेइ फन मोठा ६०, लसणाच्या रसातल्या मिश्र भाज्या मोठा ६५, जनरल त्सो टोफू अर्धा ५०, जनरल त्सो चिकन मोठा ९५, चिकन ब्रोकोली अर्धा ५०, स्प्रिंग रोल ६० नग ७५. एकूण ४५०, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर, म्हणजे ४७९ डॉलर ८१ सेंट. माणशी साडेदहाच्या थोडं वर. याच पार्टीसाठी देशी केटररने सांगितलेला आकडा याच्या जवळपास दुप्पट होता.

तुमच्यापैकी कोणी अशा गल्लीतल्या टेकआउटकडून पार्टीचं जेवण घेतलंय का? एवढं पुरेल का? गरम कसं ठेवायचं? कुरकुरीत पदार्थांचं काय होतं? बाई म्हणाल्यात की पार्टीच्या आदल्या शनिवारपर्यंत यादी बदलता येईल.

एडिसनकर:

धागा काढला ते बरं केलंत. हा प्रश्न दर मे-जूनला आमच्या घरीही निघतो.

तळलेल्याबद्दल सांगतो. दोन वर्षांपूर्वी ६० जणांसाठी दुसऱ्या एका ठिकाणाहून जनरल त्सो आणि सेसमी चिकन आणलं होतं. ॲल्युमिनियमच्या ट्रेवर घट्ट झाकण, गाडीत पंचवीस मिनिटं, वर घरी पोचल्यावर पाहुणे यायला पाऊण तास. झाकण उघडलं तेव्हा सगळी वाफ आत मुरून वरचं कवच ओल्या ब्रेडसारखं झालेलं. चव होती, पण ज्यासाठी मागवलं तो कुरकुरीतपणा गेला होता. तेव्हापासून मी दोन गोष्टी सांगतो. रस वेगळ्या डब्यात द्या, आणि झाकणाचा एक कोपरा उघडा ठेवा. घरी ट्रे ४०० डिग्री फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं, मग वरून गरम रस.

आणि देशी चायनीजला कमी लेखू नका हं, मला त्याची फार माया आहे. ठाण्याला शाळेच्या कोपऱ्यावर गाडी लागायची, त्या लाल शेजवान चटणीचा वास अजून नाकात आहे. मंचुरियनसुद्धा असंच जन्मलं. नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, आपल्या हाताशी असलेलं आलं, लसूण, मिरची घेऊन त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. चीनमध्ये असा पदार्थ नाही. जनरल त्सोचं नातं चीनशी तितकंच दूरचं असणार. जाणकार सांगतीलच.

ओवा:

एडिसनकर, कमी कशाला लेखीन, लेकीच्या बारशालाही मंचुरियन होतं आमच्याकडे. रस वेगळा देण्याचं लगेच विचारते. धन्यवाद.

तिरफळ:

एडिसनकरांनी विचारलंय म्हणून जनरल त्सोबद्दल. त्सो म्हणजे त्सो त्सुंग-थांग, हुनान प्रांतातले चिंग राजवटीचे सेनानी, १८१२ ते १८८५. त्यांनी हा पदार्थ कधी खाल्ला नाही. तो रचला हुनानचेच पेंग चांग-क्वेइ यांनी, तैवानमध्ये, १९५० च्या दशकात. त्यांचं मूळ चिकन आंबट, खारट, तिखट होतं, साखर नव्हती. १९७० च्या दशकात न्यू यॉर्कमधल्या हुनानी स्वयंपाकघरांत ते कुरकुरीत आणि गोड झालं, आणि तिथून देशभर गेलं. पेंग २०१६ साली तैपेइमध्ये वारले, ९८ वर्षांचे होऊन.

पण ओवाने वर्णन केलेलं जे दुकान आहे ना, चार खुर्च्या आणि एक काउंटर, मला त्याबद्दल जास्त बोलायचंय. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना यायला बंदी केली. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. १९१५ मध्ये एका न्यायालयाच्या निकालाने उपाहारगृहाचा मालकही व्यापारी धरला जाऊ लागला. मग लोकांनी पैसे एकत्र केले, भागीदारीत खानावळी काढल्या, आळीपाळीने व्यवस्थापक झाले, आणि त्या कागदावर मुलाला, भावाला, पुतण्याला बोलावून घेतलं. आज आपल्याला प्रत्येक गावात चायनीज दिसतं, त्यामागे हा कायदा आणि त्यातून काढलेली वाट आहे. बंदी उठली १९४३ मध्ये, तीही वर्षाला १०५ माणसांच्या मर्यादेसह. दारं खरी उघडली ती १९६५ च्या कायद्याने. आपल्यातले बहुतेक जण, आपले काका-मामा, त्याच १९६५ च्या दारातून आले.

फूचौचे लोक त्यानंतरचे, बरेचसे १९८० च्या पुढचे. मॅनहॅटनच्या ईस्ट ब्रॉडवेवर मी काही वर्षं काम केलंय. तिथे पुलाखाली नोकरी लावून देणाऱ्या कचेऱ्या असायच्या. भिंतीवर चिठ्ठ्या, चिठ्ठीवर पगार, काम आणि गावाऐवजी फोनचा एरिया कोड. न्यू यॉर्कहून बसने किती तास, तेही लिहिलेलं. माणूस चिठ्ठी घ्यायचा, बसमध्ये चढायचा आणि ज्या गावाचं नावही नीट उच्चारता येत नाही तिथे वोकपाशी उभा राहायचा. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी दहा ते रात्री दहा. म्हणून सगळीकडचे मेनू एकसारखे दिसतात, फोटोसुद्धा तेच. छापणारेही बऱ्याचदा चायनाटाउनमधलेच.

हे सगळं लिहिण्याचं कारण, ओवा, त्या बाईंनी तुम्हाला दिलेली पंधरा मिनिटं. ती फार मोठी गोष्ट आहे.

कढीलिंब:

मंडळाच्या कार्यक्रमांचं जेवण मी बरीच वर्षं बघते, त्यामुळे थेट कामाचं लिहिते.

मोठा ट्रे म्हणजे साधारण २० बाय १२ इंच, अर्धा त्याच्या निम्मा. पण खोली विचारा. उथळ आणि खोल ट्रेमध्ये माल जवळजवळ दुपटीने कमी-जास्त असतो आणि मेनूवर ते लिहिलेलं नसतं. सहा-सात पदार्थ असतील तर एक मोठा ट्रे १८ ते २० माणसांना पुरतो. तुमच्या यादीत भात आणि शेवया मिळून पुरेसं आहे. टोफू मात्र अर्ध्यात भागणार नाही. मांसाहारी लोकही टोफू घेऊन बघतात, आणि शाकाहाऱ्यांना दुसरं मुख्य काही नाही. तो मोठा करा. स्प्रिंग रोल ६० फार कमी. मुलं एकावेळी तीन उचलतात. ९० सांगा.

गरम ठेवायला तारेची घडवंची, त्यात पाण्यासाठी एक खोल ट्रे, खाली स्टर्नोचे, म्हणजे पेटवायच्या जेल इंधनाचे, दोन डबे, वर जेवणाचा ट्रे. पाणी आधी उकळतं घाला, नाहीतर थंड पाणी तापेपर्यंत जेवण निवतं. अंगणात वारा असेल तर ज्योत टिकत नाही, तीन बाजूंनी पुठ्ठा लावा, ज्योतीपासून लांब. सरकारी नियम सोपा आहे. गरम पदार्थ १४० डिग्री फॅरनहाइटच्या वर, नाहीतर दोन तासांत संपवायचा किंवा फ्रिजमध्ये टाकायचा. बाहेर ९० डिग्रीच्या वर ऊन असेल तर एकच तास. भाताच्या बाबतीत तर हे पाळाच. शिजलेल्या भातात एका जिवाणूचे बीजाणू शिल्लक राहतात, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भाताचा मोठा ट्रे एकदम मांडू नका, निम्मा ओव्हनमध्ये १७० वर ठेवून मागून आणा.

आणखी एक. टोफू आणि चिकनचे दोन्ही जनरल त्सो उघडल्यावर हुबेहूब सारखे दिसतात. झाकणावर नाव घालून घ्या, पण झाकण काढल्यावर ते नाव कचऱ्यात जातं. ट्रेमध्येच ओळखीची खूण हवी.

सांडगी_मिरची:

माझा प्रश्न वेगळा. आमच्याकडे अजिनोमोटोमुळे डोकं दुखतं म्हणून चायनीज बंद आहे. पार्टीत घालू नका असं सांगता येतं का?

हडसनकाठ:

सांगता येतं, बहुतेक जण ऐकतात. पण मी अन्नतंत्रज्ञानात काम करतो, म्हणून थोडं मन मोकळं करतो. अजिनोमोटो हे एका जपानी कंपनीचं नाव, आपण तेच पदार्थाचं केलं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून तो चवीचा घटक वेगळा काढला. टोमॅटोत, मशरूममध्ये, जुन्या चीझमध्ये तोच नैसर्गिकरीत्या असतो. १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं छोटं पत्र आलं, चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते असं. त्यांनी कारणं अनेक सुचवली होती, लोकांनी अजिनोमोटो तेवढंच धरलं आणि या तक्रारीला "चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम" म्हणू लागले. पुढे ज्यात घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही माहीत नाही अशा चाचण्या झाल्या, त्यांत तसा परिणाम सातत्याने दिसला नाही. २०२० मध्ये मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने त्या नावाची नोंद बदलली. चीझचा पिझ्झा खाऊन कोणी ही तक्रार करत नाही, आणि चिनी माणसाच्या दुकानाला मात्र दारावर "आम्ही घालत नाही" अशी पाटी लावावी लागते, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या घरच्यांचं डोकं दुखतं हे मी खोटं म्हणत नाही. बघायचं असेल तर मीठ बघा. एक टेबलस्पून सोया सॉसमध्ये ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. रक्तदाबवाल्या पाहुण्यांसाठी एक पदार्थ वाफवलेला मागवा, रस बाजूला. बहुतेक टेकआउटमध्ये तो "डाएट" सदरात असतो.

कांदा-लसूण न खाणारे कोणी असतील तर बुद्धाज डिलाइट ही मिश्र भाजी विचारा. मूळ नाव लो हान जाय. लो हान म्हणजे अर्हत, आपलाच संस्कृत शब्द चिनी होऊन आलेला. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा, लसूण, पात वगैरे पाच उग्र वासाच्या वस्तू वर्ज्य असतात. टेकआउटमध्ये मात्र त्या भाजीत लसूण आणि कधी ऑयस्टर सॉसही घालतात. पण जुन्या पद्धतीने, पांढऱ्या रसात, लसणाशिवाय करा म्हटलं तर वोकपाशी उभ्या माणसाला काय हवंय ते लगेच कळतं.

सांडगी_मिरची:

हडसनकाठ, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. घरी वाचून दाखवते. लो हानचं तर फारच सुंदर.

पळसपान:

आमच्या मिसुरीत या सगळ्याची वेगळीच तऱ्हा. स्प्रिंगफील्डमध्ये काजू चिकन म्हणजे तळलेलं चिकन, त्यावर ऑयस्टर सॉसचा दाट रस, काजू आणि कांद्याची पात. डेव्हिड लिओंग यांनी १९६३ मध्ये तिथे हॉटेल काढलं, गावाला तळलेलं चिकन आवडतं हे पाहून हा पदार्थ केला, आता सगळं गाव तो आपलाच मानतं. सेंट लुइसला एग फू यंगची, म्हणजे भाज्या घातलेल्या अंड्याची, वडी पांढऱ्या ब्रेडमध्ये घालून सँडविच मिळतं. आमच्या मुलाला ते वडापावाइतकंच आवडतं.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कोणी येणार असेल तर शेंगदाणे घातलेलं कुंग पाव यादीत घेऊ नका, वोक तोच असतो. आणि गव्हाचं चालत नसेल तर सोया सॉसमध्येही गहू असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

गवती_चहा:

कढीलिंब यांना +१, विशेषतः उकळत्या पाण्याबद्दल. आम्ही डोहाळजेवणाला गार पाणी घातलं होतं, तासभर सगळं कोमट होतं.

एक शंका. घरी कितीही केलं तरी तो भाजका वास येत नाही. ट्रेमध्ये येतो का?

हडसनकाठ:

ट्रेमध्ये कमीच येतो. घरच्या बर्नरची ताकद १० ते १५ हजार बीटीयू (उष्णतेचं माप), त्यांच्या वोकखाली एक लाखाच्या आसपास किंवा जास्त. तेलाचे थेंब ज्वाळेत पेट घेतात, बाष्प क्षणात उडतं, त्यातून तो वास येतो. कँटनी लोक त्याला वोक हेइ म्हणतात, वोकचा श्वास. पण तो काही मिनिटांतच विरतो. शिवाय मोठा ट्रे एका वोकमध्ये होत नाही, तीन-चार घाण्यांत होतो, पहिला घाणा चौथ्याची वाट बघत बसतो. त्यामुळे पार्टीला रसाचे पदार्थ जास्त घ्या. वोक हेइ खायचा तर दुकानातल्या त्या खुर्चीत बसून, डबा मांडीवर घेऊन खावा.

ओवा:

काल पार्टी झाली. पाय दुखताहेत, तरी आधी इथे लिहायला बसले.

कढीलिंब यांचं ऐकून टोफू मोठा केला आणि स्प्रिंग रोल ९०. तरी रोल चाळीस मिनिटांत संपले. टोफू आणि चिकन सारखे दिसतात हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "टोफूभोवती ब्रोकोली लावते." ट्रे उघडला तेव्हा चारी कडांना हिरवीगार ब्रोकोली एकाला एक चिकटून उभी केलेली होती. कुणाला काही विचारावं लागलं नाही. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, हिरवी कड असेल ते आपलं.

रस वेगळा दिला होता. ओव्हनमध्ये तापवून वर ओतला, कुरकुरीत राहिलं. लेकीच्या मैत्रिणी म्हणाल्या की दुकानापेक्षा इथे चांगलं लागतंय. मेइ फनवर सासूबाईंनी लिंबू पिळलं, कोथिंबीर घातली आणि दोनदा घेतलं. "शेवयांचा उपमाच की हा," म्हणाल्या. नंतर कोणीतरी मागून त्यांचं बघून लिंबू शोधायला लागलं, म्हणून लिंबं कापून टेबलावर ठेवली.

जमलं नाही ते लसणाच्या रसातल्या भाज्यांचं. ट्रे दोन तास वाफेवर राहिला, झुकिनी आणि मशरूमने पाणी सोडलं, ब्रोकोलीचा हिरवा रंग गेला. ती भाजी अर्ध्या-अर्ध्या ट्रेत, दोन वेळेला मागवायला हवी होती, दुकान सहा मिनिटांवर तर आहे. भात निम्मा उरला. जो ओव्हनमध्ये होता तोच पाहुण्यांना घरी दिला, बाहेरचा टाकला. टाकताना जीव तुटला, पण कढीलिंब यांनी लिहिलेलं डोळ्यासमोर होतं.

बाईंनी न सांगता ६० फॉर्च्यून कुकी घातल्या होत्या. आमच्या एका पाहुण्याने सांगितलं की या मुळात जपानच्या, क्योतोकडच्या. कॅलिफोर्नियातले जपानी बेकरीवाले करायचे. दुसऱ्या महायुद्धात जपानी कुटुंबांना छावण्यांत नेलं, त्यांच्या बेकऱ्या बंद पडल्या आणि चिनी कारखान्यांनी ते काम हाती घेतलं. सासूबाईंसाठी पाकिटावरची यादी वाचली, या कुकीत अंडं नव्हतं. काहींत असतं, वाचून घ्या.

आज सकाळी रिकामी घडवंची आणि मिठाईचा डबा घेऊन दुकानात गेले. बाईंनी सगळ्यात आधी विचारलं, "आजींनी जेवलं का?"

गवती_चहा:

वाचून फार छान वाटलं. ब्रोकोलीची कड तर कायमची लक्षात राहील.

आमच्याकडे २५ डिसेंबरला २० माणसं आहेत. त्या दिवशी ही दुकानं उघडी असतात ना?

एडिसनकर:

बहुतेक असतात, आणि त्या दिवशी प्रचंड गर्दी असते. ज्यू कुटुंबांची नाताळच्या दिवशी चायनीज खायची जुनी रीत आहे, बाकी सगळं बंद असतं म्हणून इतरही येतात. आयत्या वेळी फोन केलात तर दीड-दोन तास थांबावं लागेल. आठवडाभर आधी सांगा, आणि सकाळी अकरा-साडेअकराचीच वेळ घ्या. चिनी नववर्षाच्या सुमाराला मात्र आधी विचारून घ्या. तेव्हा बरीच दुकानं काही दिवस बंद असतात, त्यांच्या घरचा सण तो.

ओवा:

गवती_चहा, तुम्ही आमच्याच भागातल्या आहात ना? बुधवारी दुपारी लंच स्पेशल आणायला जाणारच आहे. सासूबाईंना पुन्हा मेइ फन हवंय. तेव्हा २५ तारखेच्या ट्रेचं विचारते आणि इथेच लिहिते.